अपिलाची मुदत निकालपत्रावरच छापा

मा. संपादक,
स. न.

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त होताना हाती आलेला फंड मी पाथर्डी फाट्याजवळच्या एका सदनिकेत घातला. बिल्डरने ताबा वर्षानुवर्षे रखडवला, म्हणून रेरा कायद्याखाली (घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा स्थावर संपदा कायदा) तक्रार केली. निकाल लागला, व्याजही मंजूर झाले, पण आमच्या हिशेबापेक्षा बरेच कमी. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे त्याच्या गुणदोषांत शिरत नाही. लिहायचे आहे ते अपिलाच्या मुदतीबद्दल.

2016 च्या या कायद्याच्या कलम 44 प्रमाणे अपिलीय न्यायाधिकरणाकडे 60 दिवसांत दाद मागावी लागते. निकालाच्या तारखेपासून नव्हे, निकालाची प्रत मिळाल्यापासून. मला हे एका वकिलांनी सांगितले तोवर मुदत टळून गेली होती. त्याच दिवसांत पत्नीची हृदयशस्त्रक्रिया झाली, माझा मुक्काम दवाखान्यातच होता. तक्रार मी स्वतः चालवली होती, त्यामुळे तारखांवर लक्ष ठेवणारे दुसरे कोणी नव्हते.

आता अपिलाआधी विलंबमाफीचा अर्ज. तो मंजूर झाला तरच पुढचे ऐकले जाणार. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, अतिदक्षता विभागाच्या पावत्या असे सगळे तारीखवार लावून प्रतिज्ञापत्राला जोडले. बिल्डरच्या वकिलांनी त्यालाही हरकत घेतली आहे. पण पुरेसे कारण दाखवले तर मुदतीनंतरचे अपीलही दाखल करून घेता येते, हे त्याच कलमात लिहिले आहे. विलंबमाफीकडे उदारपणे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने कातिजी प्रकरणात 1987 मध्येच सांगितले आहे. साठ दिवस उलटले म्हणून ज्यांनी फाइल बांधून ठेवली असेल, त्यांनी एकदा वकिलाला जरूर विचारावे.

खरे तर कायदा घर घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. बिल्डरला अपील करायचे असेल तर ग्राहकाला द्यायची रक्कम व्याजासकट आधी भरावी लागते (कलम 43(5)). ही अट सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये उचलून धरली. ग्राहकाला अशी रक्कम भरावी लागत नाही. पण हे माहीत असते बिल्डरच्या वकिलांना. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयुष्य काढून घरासाठी पै-पै जोडलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळला तर अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हे त्याच उत्तरात कळवणे कलम 7(8) ने सक्तीचे केले आहे. घराच्या निकालाला तशी सक्ती रेरा कायद्यात मला कुठे सापडली नाही. नियम करण्याचा अधिकार कलम 84 ने राज्य सरकारला दिला आहे. तो वापरून सरकारने प्रत्येक निकालपत्राच्या शेवटी ठळक मराठीत एवढे छापणे बंधनकारक करावे: अपील कुठे करायचे, मुदत किती, ती कधीपासून मोजायची आणि उशीर झाल्यास कोणता अर्ज द्यायचा. निकाल संकेतस्थळावर असो वा ई-मेलने येवो, हा मजकूर त्यात हवाच.

नाशिकच्या आमदारांनी हा प्रश्न विधिमंडळात मांडावा आणि आपल्या दैनिकाने तो लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त प्रेस कामगार, नाशिकरोड