कबुलीत चूक कोणती तेही यावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती मंडळींचा उपवासकाळ सध्या सुरू आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या, रविवार वगळून चाळीस दिवसांच्या या काळात पुण्यातल्या चर्चमधून पश्चात्तापावर पुष्कळ उपदेश होतात आणि आम्ही सारे एका सुरात आपण पापी असल्याचे कबूल करतो. या सामुदायिक कबुलीविषयी थोडे लिहावेसे वाटते. मी बाहेरून बोट दाखवणारा नाही, वर्षानुवर्षे त्याच बाकावर बसत आलो आहे.

‘मी महापापी आहे’ असे म्हणायला फारशी लीनता लागत नाही. ‘त्या हिशेबातली चूक माझी होती’ असे म्हणायला ती लागते. पहिल्या वाक्याने कोणाचे काही जात नाही, उलट ऐकणारे मान डोलावतात.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार असताना इमारत दुरुस्तीच्या वर्गणीत ४,२०० रुपये कमी भरले. पेटीची दुसरी किल्ली चर्चच्या शिपायाकडे असे, त्यामुळे पंचांच्या बैठकीत संशय आपोआपच त्याच्याकडे वळला. उघड आरोप कोणी केला नाही, पण ठराव करून किल्ली काढून घेतली. तीन आठवड्यांनी मला माझ्याच वहीत एका पानाची बेरीज पुढच्या पानावर नेताना दोनदा धरलेली आढळली. पैसे कमी नव्हतेच. मी ते पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, खासगीत सांगितले, आम्ही दोघांनी प्रार्थना केली आणि त्या रविवारी मी मोकळ्या मनाने प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेतला. शिपायाला मात्र कोणी काही सांगितले नाही, आणि सांगायला हवे होते ते मीच. चार महिन्यांनी धीर करून त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याने चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “साहेब, मंडळीला कधी सांगणार?” पुढच्या रविवारी सूचना वाचून झाल्यावर मी उभा राहिलो. दरवर्षी गुडघ्यांवर येऊन मोठ्याने पाप कबूल करणाऱ्या माझी, ते दोन मिनिटांचे बोलताना अक्षरशः वाचा बसली होती.

वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर त्याने दान तिथेच ठेवून आधी समेट करून यावे, असे येशूने बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. आम्ही हा क्रम सोयीने उलटा केला आहे. देवाने क्षमा केली, म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जाण्याचे काम संपले, असे आम्ही धरून चालतो.

यावर कोणी म्हणेल की येशूच्या दृष्टांतातल्या, मंदिरात दूर उभ्या राहिलेल्या जकातदाराने तर ‘मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हटले आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. खरे आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात त्या दृष्टांताच्या पुढच्याच अध्यायात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय येतो, म्हणजे आम्हा हिशेबवाल्यांच्याच धंद्यातला. तिथे ‘पापी’ हा शब्द आहे, पण तो कुरकुरणाऱ्या लोकांच्या तोंडी. जक्कय स्वतः अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची गोष्ट बोलतो. ही दोन प्रकरणे लागोपाठ वाचली पाहिजेत, असे मला वाटते.

आमच्यात आणखी एक सवय आहे. काही बिघडले की ‘सैतानाने मोहात पाडले’ आणि ते निभावले की ‘प्रभूची इच्छा’, आणि या दोहोंच्या मध्ये आम्ही स्वतः कुठेच नसतो. आदामाने हव्वेकडे आणि हव्वेने सापाकडे बोट दाखवले, त्याहून हे वेगळे नाही. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एकमेकांची ओझी वाहायला सांगितले, पण तीनच वचने पुढे प्रत्येकाला आपला भार आपणच वाहायलाही सांगितले. उपदेशात पहिले वचन वारंवार ऐकू येते.

जाता जाता, प्रायश्चित्ताचा वाद पुण्याला नवा नाही. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादाला, तोंड द्यावे लागले. जिथे अपराधच नव्हता तिथे प्रायश्चित्त मागितले गेले. आम्ही अपराध असूनही ते चुकवतो.

आमच्या पंचांना माझी विनंती आहे की वार्षिक सभेत हिशेब वाचताना मागच्या चुका आणि त्या कोणाच्या हातून झाल्या हेही वाचावे. माझ्या प्रकरणात किल्ली काढून घेतल्याचा ठराव इतिवृत्तात आहे, बेरीज चुकल्याची नोंद मात्र आजही नाही. यंदाच्या सभेत ती करून घ्यावी, असा अर्ज मी दिला आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
नाना पेठ, पुणे