राणीच्या बागेचा दिवस आखून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुलाबाळांना, आजी-आजोबांना घेऊन जायचं तर दिवस कसा आखावा, हे तुम्ही आमच्या सोसायटीच्या सहल मंडळाला दोन्ही बाजूंनी भरलेल्या एका फुलस्केप कागदावर लिहून दिलंत. त्याबद्दल हे आभाराचं पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितोय, कारण त्या कागदाची झेरॉक्स शेजारच्या इमारतींतही गेली आहे आणि मुळात तो कोणी लिहिला, हे विचारणारे बरेच आहेत. तुम्ही नाव घालू नका म्हणालात, म्हणून नाव घालत नाही. उद्यान खात्यात नोकरी केलेले आणि बागेतली झाडं ओळखीची असलेले काका, एवढी ओळख पुरे.

बागेची माहिती कुठेही मिळते. 1862 साली उघडली, पन्नासहून अधिक एकर जागा, अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणीसंग्रहालय. तुमच्या कागदाचं वेगळेपण असं की त्यात दिवस जनावरांच्या घड्याळाने आखलाय. माणसं अकराला पोहोचतात, बारापर्यंत पेंग्विनच्या रांगेत उभी राहतात, एकला जेवतात आणि भर दुपारी वाघाच्या काचेसमोर जाऊन ‘दिसतच नाही’ म्हणून चिडतात. त्या वेळी वाघ सावलीत आडवा असतो आणि उन्हातान्हात शहाण्या जनावराने तेच करायचं असतं.

तुमचा क्रम आम्ही आता पाठच केलाय. साडेनऊला फाटक उघडतं, तेव्हा तिकीट हातात पाहिजे. महापालिकेची ऑनलाइन सोय असते, तिचा उपयोग करून खिडकीची रांग टाळायची. आत गेल्यावर आधी वाघ, बिबट्या, अस्वल, तरस. रात्रनिवाऱ्यातून नुकती बाहेर सोडलेली जनावरं पहिला तास-दीड तास हद्द हुंगत फिरतात, खुणा करतात, पाण्यात उतरतात. मग पक्ष्यांचा मोठा पिंजरा, ज्याच्या आतूनच चालत जाता येतं. तिथेही दहाच्या आसपासची हालचाल बाराला राहत नाही. हरणं, सांबर वाटेत होतात. पाणघोडा आणि मगरी ऊन चढल्यावर पाहिल्या तरी चालतात आणि पेंग्विन सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा कक्ष दिवसभर 16 ते 18 अंशांवर ठेवलेला असतो. त्यांना सकाळ काय न दुपार काय! उलट दुपारी एकच्या उकाड्यात त्या गार गॅलरीत शिरणं आजी-आजोबांनाही बरं वाटतं.

इथे मात्र एका मुद्द्यावर आमचं तुमच्याशी जमत नाही, काका. मधल्या वारी हा क्रम बिनतोड आहे. रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत पेंग्विनची रांग दुपारी इतकी वाढते की गार गॅलरीपर्यंत पोहोचेतो लहान मूल झोपून जातं. अशा दिवशी आम्ही उलटा क्रम धरा म्हणतो: फाटक उघडल्याबरोबर सरळ पेंग्विन, दहा-सव्वादहाला बाहेर आणि मग वाघ. वाघाची अर्धी वेळ जाते, पण पाऊण तासाची रांग वाचते. डिसेंबर-जानेवारीत तिसराच प्रकार. मधल्या वारीही सकाळी दहा ते बारा या वेळेत शाळांच्या सहली असतात, म्हणून त्या दिवसांत पेंग्विन दीड-दोनला. पंचवीस डिसेंबर आणि एक जानेवारी हे दिवस तुम्ही कागदावर नुसते फुली मारून ठेवलेत, त्याला आमची पूर्ण संमती आहे.

बुधवारचं तर तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय. दर बुधवारी बाग बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद. दुसरं वाक्य बहुतेकांना माहीत नसतं आणि घोळ तिथेच होतो: बुधवारच्या सुट्टीची गर्दी टाळू म्हणून लोक गुरुवारी कल्याण-बदलापूरहून निघतात आणि कुलूप पाहून परत जातात.

तिकिटाचा हिशेबही तुमच्याचमुळे कळला. मोठ्यांना 50 रुपये, लहान मुलांना 25, आणि आई-वडील व पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून 100. म्हणजे दोघा मुलांचं तिकीट फुकट पडतं, पण हे तिकीट मागावं लागतं. गर्दीत ‘चार द्या’ म्हटलं की सुट्या तिकिटांचे दीडशे जातात. काका, मावशी, आजी या तिकिटात बसत नाहीत, त्यांचं वेगळं. हे दर 2017 पासूनचे आहेत, बदल झालाय का ते निघण्याआधी पाहून घ्यावं. फाटक सहाला बंद होतं, तिकीट खिडकी त्याच्या बरीच आधी. चारनंतर पोहोचण्यात तसाही अर्थ नाही: पाचच्या सुमारास मोठी जनावरं आत जाऊन खाण्याच्या ओढीने मागच्या दारापाशी घुटमळायला लागतात आणि काचेसमोर उरतं नुसतं गवत.

प्रवासाचा भाग तुम्ही चार ओळींत आटोपलात, पण बाहेरगावच्या पाहुण्यांना तोच जास्त लागतो, म्हणून इथे थोडा वाढवतो. भायखळा स्टेशन मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे. फास्ट लोकल थांबते, उतरून पूर्वेला बाहेर पडायचं आणि बाग चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलावी. नवी मुंबईकरांची गंमत होते: हार्बरची गाडी भायखळ्याला जातच नाही, कुर्ल्याला बदलावं लागतं. ठाणे-डोंबिवलीहून येणाऱ्यांना स्टेशनाबाहेर रिक्षा शोधायची सवय असते, पण शहरात शीवच्या अलीकडे रिक्षाच नाहीत. चालायचं नसेल तर टॅक्सी. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रूळ बंद ठेवण्याची वेळ, आदल्या दिवशी पेपरात पाहायचा. मुख्य मार्गावर तो साधारण अकरा ते चार असतो, तेव्हा जाताना नऊच्या आत गाडीत आणि येताना चारनंतर प्लॅटफॉर्मवर. मधल्या वेळेत परतणाऱ्यांची मुलं खच्चून भरलेल्या लोकलमध्ये रडतात आणि दिवसाचा शेवट त्या रडण्याने होतो. गाडी घेऊन जाणं सुट्टीच्या दिवशी आम्ही कोणालाच सुचवत नाही. पार्किंग शोधण्यात जाणारा तास सकाळचा असतो, आणि तो वाघाचा तास असतो.

आता जनावरांसमोर काय करायचं ते. तुमच्या कागदाचा हा आमचा आवडता भाग, कारण तो कुठल्याच फलकावर नाही. पाणघोडा पाण्यात दिसेनासा झाला की लोक पुढे सरकतात. तुम्ही लिहिलंत, पाच मिनिटं थांबा. त्याला श्वासाला वर यावंच लागतं, दर तीन ते पाच मिनिटांनी. नजर पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवायची, आधी नाकपुड्या दिसतात, मग कान फडफडतात. मगर जबडा उघडा टाकून दगडासारखी पडलेली असते, तेव्हा ती रागावलेली नसते की मेलेलीही नसते; अंगातली उष्णता ती तोंडातून बाहेर टाकते. मुलांना हे आधी सांगितलं की ती दगड मारायची भाषा करत नाहीत, जबड्यातले दात मोजायला लागतात. पेंग्विनपाशी ‘बर्फ कुठाय?’ हा प्रश्न ठरलेला. हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या घरी खडक आणि थंड समुद्र असतो, बर्फ नसतो. 2016 साली ते दक्षिण कोरियातून आणले. त्या गॅलरीत रांग सतत पुढे सरकवली जाते, म्हणून मुलांना काचेच्या बाजूला ठेवायचं आणि मोठ्यांनी मागे राहायचं, एवढीच युक्ती. शिरण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, कारण रांग मध्येच सोडली की पुन्हा शेवटापासून.

काचेतून फोटो धुरकट का येतो, याचंही उत्तर तुमच्याकडे होतं! मोबाइलची भिंग काचेला टेकवायची, किंचित तिरकी. लांबून काढला की आपलाच शर्ट वाघाच्या अंगावर उमटतो. फ्लॅश बंद, जनावराच्या डोळ्यांना त्रास, शिवाय काचेवर पांढरा गोळा. आणि काच ठोकायची नाही. आतल्या बाजूला तो आवाज फार मोठा लागतो.

खाऊ घालण्याच्या बाबतीत तुम्ही कडक आहात, तसेच राहा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 38 जे: प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं, कचरा टाकणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. पण कलमापेक्षा कारण सांगितलेलं मुलांना पटतं. हरीण रवंथ करतं. त्याचं पोट पाल्यासाठी बनलेलं. वेफर, पाव, बिस्किटं गेली की पोटात आंबून वायू धरतो. आणि वेफरची रिकामी पिशवी वाऱ्याने आत गेली तर मिठाच्या वासाने ते ती पिशवीच खातं. ती पोटातून पुढे सरकत नाही, तिथेच अडकून राहते. म्हणून आमच्या यादीत पहिलं वाक्य आता असं आहे: पाकीटबंद खाऊ घरीच ठेवा.

मग न्यायचं काय? माणशी एक लिटर पाणी, मुलांना पाऊण लिटर, शक्यतो स्टीलच्या बाटलीत. टोप्या. दशम्या किंवा गुंडाळलेली पोळी-भाजी, कोरडी लसणाची चटणी. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात नको, एप्रिल-मेच्या उकाड्यात जेवणाच्या वेळेपर्यंत आंबतात. डबा कुठे बसून खाऊ देतात ते फाटकावर विचारून घ्यायचं. नाहीतर पोटभर न्याहारी करून निघायचं, दीडला बाहेर पडून भायखळ्याच्या एखाद्या इराण्याकडे चहा आणि ब्रुन-मस्का. आम्हाला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. कावळे आणि घारी हातातलं खाणं उचलतात, तीही कटकट नाही.

चुकामूक झाली तर भेटायची जागा तुम्ही दगडी हत्ती ठरवलीत, ती किती बरोबर आहे हे गर्दीत कळतं. फाटकापाशी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला, लांबून दिसणारा, आणि चार वर्षांच्या पोरालाही ‘काळा हत्ती’ सांगता येतो. हा घारापुरीचा हत्ती. 1864 साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते इथे आणून 1914 मध्ये पुन्हा जोडले. थांबलेल्या माणसाला वाट पाहताना सांगायला एवढी गोष्ट पुरते. मुलांच्या मनगटावर मात्र बॉलपेनने फोन नंबर लिहायचाच. संग्रहालयाचं तिकीट वेगळं आणि तेही बुधवारी बंद. पायात त्राण उरलं असेल आणि मुलं सात-आठ वर्षांच्या पुढची असतील तरच.

झाडांवर तुम्ही कागदाची जवळजवळ अर्धी बाजू खर्च केलीत, हे आधी आम्हाला जास्त वाटलं होतं. आता वाटत नाही. ही बाग आधी झाडांची आणि मग जनावरांची. आजी-आजोबांना बसवायला सावली कुठे, हा प्रश्न गोरखचिंचेपाशी सुटतो. तिचा बुंधा चार मुलांना हात धरून कवेत येत नाही. कैलासपतीखाली मात्र पथारी पसरायची नाही, हे तुम्ही लाल शाईने लिहिलंत. फुलं खोडालाच लागतात, फळं तोफगोळ्याएवढी होतात आणि पडताना विचारत नाहीत. 

पावसाळ्यासाठी एक ओळ आम्ही तुमच्या कागदात भरली आहे, चालेल ना? जुलै-ऑगस्टमध्ये बाग हिरवीगार आणि मोकळी असते, जायला हरकत नाही. पण जोरदार पावसाचा इशारा आणि दुपारची भरती एकाच दिवशी असेल तर बेत रद्द. दादरच्या हिंदमाता भागात पाणी भरलं की बागेकडे येणाऱ्या आंबेडकर रस्त्याची वाहतूक ठप्प होते आणि लोकलचाही भरवसा राहत नाही. भरतीची वेळ पेपरात रोज छापून येते.

ओळ खोडायची असेल तर कळवा. नवी प्रत काढायची आहे, तोवर छपाई थांबवतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सोसायटीचं सहल मंडळ