उंदराची शुगर उतरली, काकांचं काय?

संपादक, सप्रेम नमस्कार,

परवाच्या आरोग्य पुरवणीत "पानांचा अर्क मधुमेहावर रामबाण" अशी बातमी आली आणि दुपारपर्यंत ती आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा फिरली, काकांनी तर कात्रण कापून गोळी बंदच केली. मी फार्मसीच्या लॅबमध्ये काही वर्षं हेच टेस्टिंग केलंय म्हणून लिहितोय.

प्रयोग उंदरांवर झाला हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत सांगितलंत. हे उंदीर मधुमेही होतात कसे, तर स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देऊन, ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारतं. बहुतेक माणसांना असतो तो टाइप 2 मधुमेह तसा नसतो, तिथे इन्सुलिन असतं पण शरीर त्याला दाद देत नाही.

आता डोस बघा. उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम. माणसाचा अंदाज काढायला त्याला साधारण 6.2 ने भागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज जवळपास 4 ग्रॅम अर्क. आणि अर्क म्हणजे पाला नव्हे हो, मेथनॉलमध्ये पाला भिजवून, गाळून, मेथनॉल उडवल्यावर तळाशी जो काळपट चिकट गोळा उरतो तो! 100 ग्रॅम सुक्या पाल्यातून 10 ग्रॅम निघाला असं धरलं तरी रोजचा 40 ग्रॅम पाला झाला, आणि काका सकाळी दोन पानं चघळतात.

कधीकधी तर उंदीरही नसतात, नुसती टेस्ट ट्यूब. स्टार्च, त्याची साखर करणारं एन्झाइम अमायलेज आणि अर्क एकत्र ठेवायचं, मग डीएनएस हे साखर ओळखणारं रसायन घालून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, साखर सुटली असेल तर पिवळं द्रावण विटकरी होतं आणि अर्काने एन्झाइम अडवलं तर पिवळटच राहतं. माझी पहिली ट्यूब पिवळी राहिली तेव्हा मी नाचलो होतो. सरांनी टॅनिन काढून परत करायला लावलं, झाली की ट्यूब विटकरी! कातडं कमावतात तेच हे टॅनिन, दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं आणि एन्झाइम पण प्रोटीनच.

झाडात औषध नसतं असं नाही म्हणत मी. शुगरची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन, तिचं मूळ गॅलेगा नावाच्या झाडातच आहे, पण त्यातलं गॅलेजिन विषारी निघालं, मेटफॉर्मिन लॅबमध्ये बनलं 1922 ला आणि फ्रेंच डॉक्टर झां स्टर्नने ते पेशंटना देऊन रिझल्ट छापले 1957 ला.

तेव्हा पुढच्या वेळी "उंदरांवर" हा शब्द हेडिंगमध्येच टाका, डोस आणि अर्क कशात काढला तेही द्या, आणि शुगरच्या गोळ्या चालू असताना वर असलं काही घेतलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते हे चौकटीत छापा. काकांची गोळी परत सुरू केलीय, कात्रण मात्र त्यांनी गोळ्यांच्याच डब्यात जपून ठेवलंय.

आपला,
एक नेहमीचा वाचक