आधीची-पुढची ओवीही वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने ओढ दिली किंवा काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले की मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत मोबाइलवर बायबलमधले एक वचन फिरू लागते : २ इतिहास ७:१४, म्हणजे ‘२ इतिहास’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातली चौदावी ओवी. माझ्या लोकांनी दीन होऊन प्रार्थना केली तर मी त्यांच्या देशाला बरे करीन, असे देव त्यात म्हणतो. आधीच्या ओवीत पाऊस थांबल्याचा उल्लेख आहे, म्हणून वचन नेमके आपल्यासाठीच आहे असे वाटते. मग कुणीतरी पदरचे वाक्य जोडतो : ज्याचे पीक गेले त्याच्या घरात काही पाप असणार. कर्जाने वाकलेल्या माणसाला हे ऐकवणे फार वाईट आहे, आणि ते शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरूनही नाही. इस्राएलचा राजा शलमोन याने मंदिर बांधून पुरे केल्यावर त्या राजाला आणि सबंध राष्ट्राला दिलेले ते उत्तर आहे. एकेका शेतकऱ्याच्या पापाचा हिशेब त्यात नाही. पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवरही पडतो, असे येशूने सांगितले (मत्तय ५:४५). ईयोब हा नीतिमान असून संकटात सापडलेला माणूस; त्याच्या मित्रांनीही त्याच्या संकटामागे पापच शोधले होते. शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर (ईयोब ४२:७).

देव शास्त्रातून बोलतो ही आपली श्रद्धा आहे. पण ऐकायचे तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे लागते. नव्या करारातले आज रूढ असलेले ओव्यांचे आकडे मुद्रक रोबेर एतिएन याने १५५१ च्या आवृत्तीत घातले. नव्या करारातल्या अनेक पत्रांचा लेखक पौल याने सबंध पत्रे लिहिली, सुटी वचने लिहिली नाहीत. अर्धवट वचन किती घातक ठरते हे मत्तय ४ मध्ये दिसते : येशूला मोहात पाडताना सैतानानेही ९१ व्या स्तोत्रातलेच शब्द तोडून म्हटले होते.

वर्षअखेरच्या रात्री वचनाच्या चिठ्ठ्या काढतात, त्यांत यिर्मया २९:११ हमखास असते. हिताचे संकल्प, भविष्याची आशा! त्याच्या आधीची ओवी मात्र कुणी छापत नाही. बंदी करून बाबेलात नेलेल्या यहूद्यांना तिथे ७० वर्षे काढावी लागतील, असे ती सांगते. तोवर तिथेच घरे बांधा, मळे लावा, त्या नगराचे हित पाहा, असे यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पाठवलेल्या त्याच पत्रात लिहिले आहे. पुण्या-मुंबईला पोट भरायला गेलेल्या आपल्या मुलांना चिठ्ठीपेक्षा हा सबंध अध्याय जास्त धीर देईल.

वाचायचे कसे? जानेवारीत उत्पत्तीपासून सुरुवात करणारे बरेच जण पुढच्या निर्गम या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे सुरू झाली की अडखळतात आणि त्यापुढच्या लेवीय या पुस्तकात थांबतात. त्यांचा विश्वास कमी असतो असे नाही, वाट अवघड निवडलेली असते. आधी मार्क, म्हणजे मार्काने लिहिलेले येशूचे चरित्र, घ्यावा. १६ अध्याय आहेत. रोज १५ ते २० ओव्या वाचल्या तर साधारण सहा आठवड्यांत होतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, छोटी प्रार्थना करावी आणि उतारा मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचावा. कोण बोलतो, कुणाशी, आधी काय घडले, हे पाहावे. मार्क १०:४६-५२ घ्या. आंधळा बार्तीमय हाक मारतो, लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतात आणि येशू थांबतो. घाईत वाचले तर फक्त चमत्कार लक्षात राहतो. दुसऱ्यांदा वाचताना दटावणारे लोक दिसतात, आणि आपण त्यांच्यातच उभे आहोत का, हा प्रश्न पडतो. इथे पाच मिनिटे गप्प बसावे. मग तेच शब्द घेऊन प्रार्थना करावी आणि आज करायची एकच गोष्ट वहीत लिहावी : घरात ज्याचे बोलणे आपण नेहमी तोडतो, त्याचे आज पुरते ऐकायचे. वचन नुसते ऐकून सोडणारे स्वतःचीच फसवणूक करतात, असे याकोब बजावतो (१:२२).

रोज काही उमगेलच असे नाही. कोरड्या दिवशीही उतारा वाचावा, पण ओढूनताणून अर्थ काढू नये. ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणून कुणी जमीन विकायला किंवा औषध बंद करायला लावत असेल, तर आधी पाळकांना आणि जाणत्या माणसांना विचारावे. बिरुया या गावातल्या लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्राशी ताडून पाहिले (प्रे. कृत्ये १७:११) आणि शास्त्रात त्यांची त्याबद्दल वाखाणणीच आहे.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना रेल्वेच्या प्रवासात नवा करार मिळाला. डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे मत्तय ५ ते ७ या अध्यायांनी, त्यांना धरून ठेवले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेच तीन अध्याय रविवारच्या उपासनेत कधीतरी सलग, न थांबता वाचले जावेत, अशी मराठवाड्यातल्या पाळकांना विनंती आहे. साधारण वीस मिनिटे लागतील. उपदेश तेवढा आखडता घ्यावा. वाचणारा आदल्या दिवशी सराव करून यावा, आणि अक्षर न ओळखणाऱ्या आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवावे.

– एक मंडळीसेवक, जालना