काकांना कुत्रा देण्याआधी

पुणे, रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काकांच्या 70व्या वाढदिवसाला लॅब्राडॉरचं पिल्लू द्यायचा तुझा बेत वाचला. काकू गेल्यापासून सांगलीच्या घरात ते एकटे, त्यात बीपी आणि साखर. कुत्रा आणावा असं तुला वाटलं ते रास्तच आहे. फक्त पिल्लू नको, आणि लॅब्राडॉर तर नकोच.

कुत्र्याचा फायदा होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. स्वीडनमध्ये कुत्र्याची सरकारदरबारी नोंद करावीच लागते, म्हणून तिथल्या संशोधकांना 40 ते 80 वयाच्या 34 लाख लोकांच्या नोंदी 12 वर्षांपर्यंत ताडून पाहता आल्या. 2017 मध्ये त्यांनी छापलं, की एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचा धोका 33 टक्क्यांनी कमी दिसला. भरल्या घरात फरक बराच कमी. अर्थात मुळात धडधाकट माणूसच कुत्रा पाळायला धजतो, तेव्हा सगळं श्रेय कुत्र्याच्या पदरात टाकता येत नाही. बीपीचं म्हणशील तर 2001 मध्ये अमेरिकेतल्या 48 शेअर दलालांवरचा अभ्यास आहे. सगळ्यांना लिसिनोप्रिल ही बीपीची गोळी चालू होती, निम्म्यांना जोडीला कुत्रा किंवा मांजर दिलं. डोक्याला ताण देणारं काम सांगितल्यावर प्राणीवाल्यांचं बीपी कमी चढलं; शांत बसलेलं असतानाचं बीपी मात्र गोळीनेच उतरलं. म्हणून काकांची गोळी चालूच राहणार, हे त्यांना आधीच सांगून ठेव.

खरं औषध आहे ते पट्ट्याला धरून चालण्यात. आठवड्याला किमान 150 मिनिटं चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळ-संध्याकाळ 25 मिनिटं धरली तर 350 होतात. पण कुत्रा दर खांबाशी थांबतो, आणि माणसाचं चालणं रेंगाळत जातं. सुरुवातीची 5 मिनिटं त्याला हुंगू द्यायचं, मग 15 मिनिटं पट्टा आखूड धरून एका चालीने चालायचं, शेवटची 5 मिनिटं पुन्हा त्याची. संध्याकाळची फेरी जेवणानंतर ठेवली तर जेवणानंतरची साखरही कमी चढते. काकांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी असेल तर चालताना साखर एकदम उतरू शकते, म्हणून खिशात साखरेच्या पुड्या हव्यातच.

आता पिल्लू का नको ते. पिल्लाची लस 6 ते 8 आठवड्यांचं असताना सुरू होते आणि दर 3-4 आठवड्यांनी डोस देत साधारण 16व्या आठवड्यापर्यंत चालते. तोवर पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाच्या भीतीने त्याला रस्त्यावर नेता येत नाही. म्हणजे ज्यासाठी कुत्रा आणायचा ते चालणंच लांबणीवर पडतं, आणि काकांच्या वाट्याला येतं रात्री दोनदा उठून शी-शू काढणं. लॅब्राडॉर मोठा झाला की 30 किलोच्या घरात जातो. समोर मांजर दिसलं की तो हिसका देणार आणि दुसऱ्या टोकाला 70 वर्षांची हाडं. अमेरिकेत 65च्या पुढच्या लोकांना कुत्रा फिरवताना झालेली फ्रॅक्चर 2004 ते 2017 मध्ये दुपटीहून जास्त वाढली, त्यात बायकाच अधिक.

त्यापेक्षा 3-4 वर्षांचा, 15 किलोच्या आसपासचा, नसबंदी झालेला शांत गावठी कुत्रा बघ. सांगलीचा उन्हाळा त्याला सोसतो. तरी एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताचा पालथा पंजा 7 सेकंद टेकवता आला नाही तर फेरी रद्द. पट्टा 4 ते 6 फुटांचा, चपटा नायलॉनचा. आपोआप गुंडाळला जाणारा नको. छातीवर कडी असलेला हार्नेस घे, म्हणजे ओढलं की कुत्राच वळतो. पट्टा मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायचा नाही, बोटं तशीच मोडतात. पायात चप्पल नको, बूट हवेत. रात्री बाथरूमच्या वाटेत कुत्रा झोपलेला असतो, म्हणून त्याच्या गळ्यात घुंगरू आणि पॅसेजमध्ये छोटा दिवा.

मधुमेहींच्या घरातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. काही शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरायचं गोड द्रव्य असतं. माणसाला ते चालतं, कुत्र्याची साखर मात्र त्याने अर्ध्या-एक तासात कोसळू शकते. मनुका, चॉकलेट, कांदा-लसूणही त्याला वर्ज्य, म्हणजे आमटी-पोळीचा काला बंद. काकांच्या औषधांचा डबा उंचावर. आणि काकांच्या तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर तिथली जखम त्यांना कळणार नाही, कुत्रा मात्र चाटत बसेल. त्याच्या लाळेतले जंतू जखमेतून रक्तात जाऊ शकतात. रोज रात्री पाय धुऊन बघायचे, जखम झाकायची.

रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध दर 3 महिन्यांनी. गोचीड कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात शोधायची. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटाने चिरडायची नाही, रॉकेल तर अजिबात लावायचं नाही. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, कारण त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जंतूंचा आजार होतो. कुत्रा चावला किंवा ओरखडा काढून रक्त आलं, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना लावून वाट बघत बसायचं नाही.

वाढदिवसाचं गुपित मात्र ठेवू नकोस. हा कुत्रा अजून आठ-दहा वर्षं जगेल. काका दवाखान्यात भरती झाले किंवा तुझ्याकडे राहायला आले तर त्याला कोण सांभाळणार, हे शेजारच्यांशी आत्ताच बोलून घे. आश्रयगृहवाले मानत असतील तर आधी दोन आठवडे ठेवून घ्यायला सांग. काकांनी नको म्हटलं तर हट्ट करू नकोस. बूट तेवढे घेऊन दे, ते तसेही लागणारच आहेत.

काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनय