रिठी गावांनाही वाली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अस्तित्वात नसलेल्या धर्मप्रांताचे बिशपपद देणे ही कॅथलिक चर्चची पोकळ प्रथा आहे, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात आले होते. मी ख्रिस्ती नाही. पण रिठी, म्हणजे वस्ती उठून गेलेल्या, गावांची दप्तरे सांभाळत हयात तलाठीपणात गेली, म्हणून ते पत्र मला लागले.

आजच्या अल्जीरिया-ट्युनिशियात एकेकाळी लहानसहान गावांनाही स्वतःचा बिशप असे. इ. स. ४११ मध्ये कॅथलिक आणि डोनेटिस्ट या दोन ख्रिस्ती पंथांतला तंटा मिटवायला तिथल्या कार्थेज शहरात सभा भरली, तेव्हा दोन्ही पक्षांचे मिळून पाचशेच्या वर बिशप जमले. पुढे युरोपातून व्हँडल टोळ्या आल्या, सातव्या शतकात अरब आले, हळूहळू तिथली ख्रिस्ती वस्तीच सरली. चर्चने मात्र नावे खोडली नाहीत. सहायक बिशप, पोपचे राजदूत यांना स्वतःचा प्रांत नसतो आणि बिशप तर कुठल्यातरी प्रांताचा हवाच. त्यांना ही नावे मिळतात.

पार्तेनिया या अशाच एका प्रांताचे पाहा. ते नेमके कुठे होते, हेही कुणाला सापडलेले नाही. रोगातुस हा तिथला एकच जुना बिशप माहीत आहे. व्हँडल राजा हुनेरिकने ४८४ मध्ये त्याला हद्दपार केले. १९९५ मध्ये फ्रान्समधले बिशप जाक गायो यांना रोमने त्यांच्या प्रांतातून काढले आणि पार्तेनिया दिले. शिक्षाच ती! पण बेघरांची बाजू घेणाऱ्या या माणसाने त्याच नावाने इंटरनेटवर काम उभे केले आणि दीड हजार वर्षांनी पार्तेनिया लोकांच्या तोंडी आले.

आमच्या आर्वीकडे रिठी मौजे आहेत. सातबारा निघतो, कपाशी-तूर पिकते, राहते घर एकही नाही. जुन्या वस्तीच्या पांढरीवर बाभळी, बुजलेली विहीर, शेंदराचा मारुती. कोणते गाव पटकीने उठले, कोणते पाण्यावाचून, हे सांगणारी म्हातारी माणसे चालली. त्या गावांवरून पडलेली आडनावे लावणाऱ्या पोरांना आपले गाव कोणत्या धुऱ्यापलीकडे होते, ठाऊक नाही. दप्तरात नाव आहे, पण त्या नावाला माणूस नाही. चर्चने नेमके तेवढेच केले आहे, नावाला माणूस जोडला.

माझी मागणी साधी आहे. १ मेच्या ग्रामसभेत हद्दीतल्या रिठी मौजांची नावे वाचावीत. एकेक मौजा शाळेतल्या एकेका मुलाकडे सोपवावा. त्याने म्हाताऱ्यांकडून विचारून लिहावे, कोण कुठून उठून आले, कुठे वसले. आपल्या दैनिकाने जिल्हा पुरवणीत त्यासाठी आठवड्याला एक चौकट द्यावी. पहिली माहिती मी पाठवतो.

आपला,
एक निवृत्त तलाठी
ता. आर्वी, जि. वर्धा