153 च्या बाजूनं

प्रिय सुहास,

"153 काय नि 154 काय, सगळी अंकांची सर्कस" हे तुझं वाक्य वाचून आधी रागच आला. मग हसू आलं, कारण तुझ्या बाजूनं फार मोठा माणूस उभा आहे. जी. एच. हार्डी या इंग्रज गणित्यानं 1940 साली हेच लिहिलं होतं. अंकांच्या घनांची बेरीज केली की पुन्हा तीच संख्या येते, अशा एकाहून मोठ्या चारच संख्या: 153, 370, 371 आणि 407. कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणित्याला त्यात फारसं काही नाही, असं त्याचं म्हणणं.

हार्डीशी भांडायची माझी प्राज्ञा नाही. पण 153 ला बाकी तिघींच्या रांगेत बसवलेलं मला पटत नाही.

कागद घे. तीननं भाग जाणारी कुठलीही संख्या लिही, शून्य तेवढं सोडून. मी 84 घेतो. अंकांचे घन करून बेरीज: 512 आणि 64, म्हणजे 576. त्याचं पुन्हा तेच: 684. मग 792, 1080, 513, आणि शेवटी 153. तिथून पुढे हलतच नाही. तू दहा आकडी संख्या घेतलीस तरी शेवट हाच.

का, ते बघ. कुठल्याही अंकाच्या घनातून तो अंक वजा कर. उरतं ते लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार असतं, म्हणून त्याला तीननं भाग जातोच. म्हणजे घनांची बेरीज आणि अंकांची बेरीज यांना तीननं भागलं तर बाकी सारखीच. आणि अंकांच्या बेरजेची बाकी तीच मूळ संख्येची, हे आपण शाळेतच शिकलो. तेव्हा तीनच्या पटीत शिरलास की बाहेर पडायला वाट नाही. शिवाय मोठी संख्या भराभर आकसते: चार आकड्यांना जास्तीत जास्त 4 × 729, म्हणजे 2916. तिथपर्यंत तीनच्या पटी फक्त 972. त्या तपासल्या की 153 खेरीज थांबा सापडत नाही, गोल फिरणारी साखळीही नाही. (हा शेवटचा भाग निव्वळ हमाली आहे, त्यात सौंदर्य नाही, हे कबूल.)

तीननं भागून बाकी एक उरणाऱ्या संख्यांची मात्र दैना. कोणी 370 वर थांबते, कोणी 136 आणि 244 यांच्यात हेलपाटे घालत राहते.

आता तुझा खरा मुद्दा: हे सगळं दहाच्या पायावर, म्हणजे 0 ते 9 हे दहा अंक वापरून संख्या लिहायच्या आपल्या पद्धतीवर, उभं आहे. बरोबर. आठच्या पायावर, म्हणजे फक्त 0 ते 7 हे अंक वापरून, 153 लिहिलं तर 231 होतं, घनांची बेरीज 36, जादू खलास. पण 1 ते 17 ची बेरीज 153, ती कुठल्याही पायावर तेवढीच. आणि 1, 1×2, 1×2×3 असं करत 1×2×3×4×5 पर्यंत सगळं मिळवलंस तरी 153. बायबलमधल्या जाळ्यात सापडलेले मासेही 153 होते, आणि संत ऑगस्टिननं त्यातली 17 ची बेरीज अचूक हेरली होती. घनांकडे मात्र त्याचं लक्ष गेलं नसावं.

तर 407 तुझी, हवी तर 370 सुद्धा घे. 153 मी देणार नाही. उत्तर पाठवताना तीनच्या पटीतली एखादी संख्या घेऊन किती पायऱ्या लागल्या ते लिही. माझ्या 84 ला सहा लागल्या.

तुझा,
विनू